देलाक्र्वाच्या हातातली छायाचित्रे

२१ मे १८५३ च्या संध्याकाळी ओझेन देलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराने जेवायला आलेल्या पाहुण्यांवर एक प्रयोग केला. आधी त्याने त्यांच्यापुढे विवस्त्र मॉडेलांची काही छायाचित्रे ठेवली. त्यांतली सगळीच शरीरे देखणी नव्हती. कुणी हडकुळे होते, तर कुणाचा एखादा अवयव बेढब दिसत होता. ती डोळे भरून पाहून झाल्यावर त्याने मार्कांतोनियो रायमोंदी या सोळाव्या शतकातल्या इटालियन कोरक्याची ठसाचित्रे त्यांच्या हाती दिली. राफाएलच्या आकृती युरोपभर ज्याच्या ठशांमुळे पोचल्या आणि ज्याच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हात गिरवला, तो हा मार्कांतोनियो! पण त्या संध्याकाळी पाहुण्यांना तो सोसेना. प्रमाणे चुकलेली, स्नायू ठोकळेबाज, सगळा डौल उसना, असे त्यांना वाटू लागले. देलाक्र्वाने ही हकीकत रोजनिशीत लिहून ठेवली आहे, आणि आपल्यालाही त्या चित्रांची जवळजवळ किळस आली, हे त्याने लपवलेले नाही.

श्रोतेहो, यात नवल कसले, असे आपणांस वाटेल. पण देलाक्र्वा हा काही वास्तवाची हुबेहूब नक्कल करणारा कारागीर नव्हता. तो रंगांचा, आवेगाचा आणि कल्पनेचा चित्रकार; फ्रान्समधल्या स्वच्छंदतावादी चित्रकलेचा धुरीण. अशा माणसाला यंत्राने टिपलेल्या उघड्या शरीरात एवढे काय दिसले, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

त्यासाठी पॅरिसच्या कलाशाळेत थोडे डोकावले पाहिजे. तिथे विवस्त्र मॉडेलवरून केलेल्या अभ्यासचित्राला ‘आकादेमी’ म्हणत. संस्थेचे नावच चित्राला पडले, यावरून त्या अभ्यासाचे महत्त्व कळावे. आणि हे मॉडेल परंपरेने पुरुषच असे. दाव्हीदचे ग्रीक आणि रोमन वीर उभे राहिले ते याच शिक्षणावर. ज्याला पुरुषाचे शरीर रेखाटता येत नाही त्याला इतिहासचित्र काढता येणार नाही, अशी ती धारणा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रदर्शनांच्या भिंतींवर स्त्रीदेहाची चलती झाली खरी. पण शाळेच्या वर्गात चौथऱ्यावर पुरुषच उभा होता. हात उंच धरून तासन्‌तास उभे राहायचे, तर आधार हवा. म्हणून त्याच्या हाती काठी देत किंवा छतावरून सोडलेला दोर देत. चित्रात त्या काठीचा भाला होई.

अशा या जगात १८३९ साली छायाचित्र अवतरले. १९ ऑगस्टला विज्ञानाची आणि ललितकलांची अशा दोन अकादमींच्या संयुक्त बैठकीत आरागो या शास्त्रज्ञाने दागेरची कृती जाहीर केली. सरकारने दागेरला वर्षाला ६,००० फ्रँकांचे निवृत्तिवेतन बांधून दिले. त्याच सुमारास इपोलित बायार नावाचा अर्थखात्यातला एक कारकून थेट कागदावर प्रतिमा उमटवीत होता. त्याला असे काहीच मिळाले नाही. तेव्हा १८४० मध्ये त्याने स्वतःचे एक छायाचित्र घेतले. कमरेपर्यंत उघडा, डोळे मिटलेला, भिंतीला टेकून कलंडलेला पुरुष. आणि मागे मजकूर असा, की हे प्रेत बायारचे असून सरकारी उपेक्षेमुळे या दुर्दैवी माणसाने पाण्यात जीव दिला आहे! चेहरा आणि हात काळपट आले होते, तर ते कुजू लागल्याचेही त्याने त्यात नमूद केले. हा ‘बुडालेला’ इसम पुढे १८८७ पर्यंत जगला. पुरुषाच्या उघड्या अंगाचे हे छायाचित्रकलेतले अगदी आरंभीचे उदाहरण; आणि पाहा, त्याची ठेवणच चित्रकलेतली आहे. स्नानपात्रात मरून पडलेला दाव्हीदचा मारा किंवा क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त ज्याने पाहिला आहे, त्याला हा कलंडलेला देह ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. यंत्र नवे होते, पण त्याच्यासमोर बसणाऱ्याने बसावे कसे हे जुन्या चित्रांनीच शिकवले होते.

देलाक्र्वाचे छायाचित्रांविषयीचे मत मात्र सुरुवातीपासून दुहेरी होते. १८५० च्या एका लेखात त्याने म्हटले की, दागेरचे चित्र हा वस्तूचा आरसा आहे, आणि इतक्या काटेकोरपणामुळेच ते एका अर्थी खोटे ठरते. डोळा ज्या बारकाव्यांकडे सहज दुर्लक्ष करतो तेच तिथे पुढे येऊन बसतात. पण त्यानेच मार्च १८५४ मध्ये द्युतियो या मित्राला लिहिले की, हा अद्भुत शोध आपल्या वाट्याला फार उशिरा आला याची खंत वाटते. तेव्हा तो छपन्नाव्या वर्षाला टेकला होता.

याच वर्षी, १८ जूनच्या रविवारी, तो सकाळी आठ वाजता ओझेन द्यूरियूच्या घरी गेला. द्यूरियू पेशाने वकील, सरकारच्या धर्मखात्यातला मोठा अधिकारी, आणि छायाचित्रणाचा कमालीचा नादी. १८५१ साली स्थापन झालेल्या पहिल्या छायाचित्रण-मंडळात तो होता आणि देलाक्र्वाही होता. त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजत आले तरी त्यांचे काम चालूच होते. देलाक्र्वा मॉडेलांना बसवी, वळवी, हात कुठे ठेवायचा ते सांगे. द्यूरियू चित्र घेई. सोबतचा आणखी एक चित्रकार तेवढ्याच वेळात भराभर रेखाटने करी. एकेकाला मिनिट-दीड मिनिट, फार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तोच बेत.

येथे तंत्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दागेरचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. लख्ख, धारदार, आणि एकच. द्यूरियू कागदी निगेटिव्हवरून छापी. कागदाच्या तंतूंमुळे त्यात रेषा जरा मऊ पडते, बारकावे विरघळतात आणि छायाप्रकाशाचे मोठे पुंज तेवढे उरतात. म्हणजे ज्या दोषासाठी देलाक्र्वाने दागेरच्या चित्राला नावे ठेवली, तो दोष इथे आपोआपच सौम्य झाला होता. माझ्या मते त्याच्या बदललेल्या मताचे निम्मे रहस्य या कागदात आहे.

ही छायाचित्रे तो प्रवासात बरोबर नेई आणि त्यांवरून रेखाटने करी. १८५५ च्या ऑक्टोबरात त्याने रोजनिशीत लिहिले आहे की, उघड्या पुरुषांच्या या चित्रांकडे आपण न थकता, ध्यास लागल्यासारखे पाहतो. मानवी शरीर हे एक काव्य आहे आणि ते आपण आता वाचायला शिकतो आहोत. आयुष्यभर शरीरे रंगवून थकलेला माणूस ‘आता वाचायला शिकतो’ म्हणतो! आपल्याकडच्या एखाद्या बुजुर्ग गवय्याने उतारवयात पुन्हा षड्ज लावायला बसावे, तसा हा प्रकार आहे.

त्याच्या निधनानंतर १८६४ मध्ये त्याच्या चित्रशाळेतल्या वस्तूंची विक्री झाली, तेव्हा फिलिप बुर्ती या समीक्षकाने हा संग्रह उचलला. बत्तीस छायाचित्रांचा तो आल्बम पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातल्या एका बसलेल्या स्त्रीवरून देलाक्र्वाने १८५७ ची आपली छोटी ‘ओदालिस्क’ रंगवली. पुरुषांच्या छायाचित्रांचा असा थेट माग फारसा काढता येत नाही. ती त्याच्या हातात मुरली, एवढेच म्हणता येते.

पुढे याचा धंदा झाला. कलावंतांसाठी म्हणून ‘आकादेमी’ छायाचित्रे विकली जाऊ लागली. आता विद्यार्थ्यासाठी काढलेले चित्र आणि शौकिनासाठी काढलेले चित्र यांत फरक कोणी व कसा करायचा? १८५१ मध्ये मूलँ नावाच्या छायाचित्रकाराला, स्त्रियांच्या चित्रांबद्दल, महिनाभर तुरुंगात जावे लागले. ‘कलाशाळेसाठी’ हा शब्द कुणाला ढाल होता आणि कुणाला पडदा, हे पोलिसांनाही नेहमी कळत नसे.

१८६२ मध्ये अँग्रच्या पुढाकाराने काही चित्रकारांनी निवेदन काढले की, छायाचित्रण ही कला नव्हेच. त्यावर सही करणाऱ्यांत फ्लांद्रँ होता. गुडघ्यांना मिठी मारून, मान खाली घालून समुद्रकाठच्या खडकावर बसलेला विवस्त्र तरुण त्याने १८३६ मध्ये रंगवला होता. गंमत अशी की, पुढे छायाचित्रकारांनी ज्या चित्रांची ठेवण वारंवार उचलली त्यांत हे चित्र अग्रभागी आहे. त्याच वर्षी न्यायालयानेही निवेदनकर्त्यांच्या विरुद्धच कौल दिला.

छायाचित्राने कलावंताच्या बाजूने साक्ष दिल्याचेही एक उदाहरण आहे. १८७७ मध्ये रोदँने ब्रुसेल्समध्ये आणि मग पॅरिसमध्ये ‘ब्राँझयुग’ हा पुतळा मांडला. तो इतका जिवंत वाटला की, रोदँने माणसाच्या अंगावरूनच साचा काढला, असा आरोप झाला. मूर्तिकाराला याहून मोठा कलंक नाही. रोदँने आपला मॉडेल, ओग्यूस्त नेत नावाचा बेल्जियन सैनिक, याची छायाचित्रे मार्कोनीकडून काढवून घेतली. हाच मार्कोनी पॅरिसच्या कलाशाळेला मिकेलांजेलोच्या आकृतींसारखे बसवलेले मॉडेल छायाचित्रांतून पुरवी. शरीर आणि पुतळा शेजारी ठेवा, म्हणजे मी काय पाहिले आणि काय घडवले ते कळेल, असा रोदँचा दावा होता. तेव्हा तो कुणाला फारसा पटला नाही. सरकारने पुतळा घेतला तो १८८० मध्ये. पण या प्रकरणाने एका मॉडेलचे नाव तरी इतिहासात राहिले. द्यूरियूच्या आल्बममधल्या पुरुषांची नावे रोजनिशीत सापडत नाहीत.

आणि सेझान. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याचा १८८५ च्या सुमाराचा ‘स्नान करणारा’ आहे. कमरेवर हात ठेवून, खाली पाहत, एक पाऊल पुढे टाकणारा तरुण. ज्या छायाचित्रावरून तो रंगवला, तेही उपलब्ध आहे. त्यात चित्रशाळेतला एक मॉडेल तसाच उभा आहे, आतल्या चड्डीवर, जरा कंटाळलेला. सेझानने त्याची उभे राहण्याची ढब तेवढी घेतली, भोवतालची खोली पुसून टाकली, आणि त्याच्या पायांखाली ओली जमीन व मागे निळसर, थरथरते आभाळ घातले. हातात ना काठी, ना भाला.