बांबू, कागद आणि विमान

विमानविद्येचा इतिहास सांगावयाचा म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ सालच्या उड्डाणापासून आरंभ करावयाचा, अशी वहिवाट पडून गेली आहे. आम्हांस हा आरंभ पंचवीस वर्षे उशिराचा वाटतो. १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने प्रवासाहून परतताना आपल्या दोन मुलांकरिता एक खेळणे आणले. बूच, बांबूच्या काड्या, पातळ कागद आणि पीळ दिलेले रबर, एवढाच त्याचा संसार. हातातून सोडताच ते खाली न पडता छताकडे गेले. थोरला विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. परंतु मुलांनी तसेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले, मग आणखी मोठे. आणि आकारमान वाढले तसतसे ते उडेनासे झाले. लांबीरुंदी दुप्पट केली म्हणजे शक्ती आठपट लागते, हा हिशेब त्या वयात आपणांस ठाऊक नव्हता, असे त्यांनीच पुढे मोठेपणी लिहिले आहे. परंतु मोठे म्हणजे चांगले नव्हे, हा धडा त्या मोडक्या काड्यांनी त्यांस बालपणीच दिला होता.

या गोष्टीतील एका शब्दापाशी आम्ही वाचकांस थांबवू इच्छितो. तो शब्द म्हणजे बांबू. वर्धा नदीच्या काठी, गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या नावाने ओळखले जाणारे बल्लारपूर हे गाव आहे. गोंडांची राजधानी येथून पुढे चंद्रपुरास गेली, किल्ला मागे राहिला. नंतरच्या काळी या गावाची ख्याती सागवान, कोळसा आणि बांबू यांवर झाली. १९४५ साली येथील कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील बांबू येथे येऊन, शिजून, लगदा होऊन, कागदाच्या रूपाने देशभर जाऊ लागला. राइट बंधूंच्या खेळण्यातील दोन मुख्य पदार्थ एकाच आवारात, डोंगराएवढ्या राशींनी जेथे जमा होत होते, ते गाव लहान विमानांच्या छंदाचे माहेरघर व्हावयास हवे होते. तसे त्याचे नाव झाले नाही. ते का झाले नाही, हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. आमच्या मते तो तसा नाही.

प्रथम या छंदाची वंशावळ पाहू. १८०४ साली इंग्लंडातील सर जॉर्ज केली याने एका लांब काठीच्या पुढील भागावर कागदी पतंग बसविला, मागे फुलीच्या आकाराची शेपटी लावली, आणि ते साधन टेकडीवरून सोडून दिले. स्थिर पंख आणि स्वतंत्र शेपटी ही आजच्या विमानाची ठेवण प्रथम या साधनात दिसते. म्हणजे विमानाचा मूळपुरुष शोधू गेल्यास काठीस बांधलेला पतंगच हाती लागतो. संक्रांतीस आपल्याकडची मुले उभी काडी आणि वाकविलेली कमान यांवर पातळ ताव खळीने चिकटवितात. त्याच कुळातील हा पदार्थ.

त्यानंतरचे नाव अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचे. पीळ दिलेल्या रबराच्या बळावर पंखा फिरविण्याची युक्ती त्याने १८७० साली उपयोगात आणली. राइट बंधूंचे खेळणे याच जातीचे होते. पुढल्या वर्षी, १८ ऑगस्ट १८७१ रोजी, पॅरिसच्या त्वीलरी बागेत त्याने आपले लहानसे विमान जाणत्या मंडळींसमोर उडवून दाखविले. बागेलगतचा राजवाडा त्याच वर्षीच्या मे महिन्यातील बंडाळीत जळून गेला होता. त्या भग्नावशेषांशेजारी एकवीस वर्षांच्या या मुलाने सोडलेले विमान सुमारे चाळीस मीटर अंतर अकरा सेकंदांत आपले आपण तोल सांभाळीत गेले. त्याचे वजन सोळा ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याहूनही कमी होते. पंखांची टोके किंचित वर उचललेली आणि मागील पान पुढील पंखाहून किंचित खालच्या बाजूस कललेले, एवढ्यात त्या स्थैर्याचे रहस्य होते. वाऱ्याने नाक वर केले तर शेपटी ते खाली आणी. खाली केले तर वर आणी. पेनो पुढे अवघ्या तिसाव्या वर्षी, निराशेच्या भरात, स्वतःच्या हाताने मरण पावला. त्याचे मोठे विमान कधी बांधलेच गेले नाही. परंतु वजन, अंतर आणि काळ हे तीन आकडे मागे राहिले, आणि त्यांवर पुढील लोकांस आपली इमारत उभारता आली.

हे लहान विमान बांधावयाचे कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण या छंदाची शिकवण त्याच्या कृतीत आहे. प्रथम बारीक काड्यांचा सांगाडा. पंखाच्या आडव्या काड्यांवर, माशाच्या काट्यांसारख्या, थोड्या थोड्या अंतरावर बाकदार फासळ्या बसवावयाच्या. त्यावर अतिशय पातळ कागद कडेकडेने चिकटवावयाचा. मग त्यावर पाण्याचा बारीक तुषार मारावयाचा. ओला कागद आधी सैल पडतो आणि वाळताना आकसून मृदंगाच्या पुडीसारखा ताणला जातो. येथेच धांदरट कारागीर फसतो. पंख मोकळा ठेवून वाळविला तर कागदाची ओढ सांगाड्यास पीळ घालते. म्हणून तो सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून वाळवावा लागतो. नंतर कागदाची छिद्रे बुजविणारे पातळ रोगण. पोटात रबराचे वेढे, पुढे हाताने कोरलेला पंखा. शेवटी पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहावयाचा. पंखाच्या रुंदीच्या पुढील सुमारे एक तृतीयांश भागी तो यावा. न आल्यास नाकात मेणाची गोळी बसवावयाची. मग रबरास पीळ न देता, गवताळ जागी ते हलकेच सोडून पाहावयाचे. नाक उचलून थबकले तर एक दोष, सरळ खाली गेले तर दुसरा, एका बाजूस वळले तर तिसरा. या परीक्षेत वशिला चालत नाही. वजन एक मासाभर अधिक झाले तर ते कोठे झाले, हे शोधूनच काढावे लागते.

आज या छंदाचे नाव घेताच बाल्सा हे लाकूड डोळ्यांपुढे येते. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः इक्वेडोर देशात, हे झाड पाच-सात वर्षांत तोडणीस येते. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. एक घनमीटर सागवान साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर तेवढाच बाल्सा सुमारे दीडशे भरतो. दाढीच्या पात्याने तो कापता येतो. १९२७ साली लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडल्यावर अमेरिकेतील मुलांत विमानांचे वेड पसरले. छापील आराखडा, बाल्साच्या काड्या आणि पातळ कागद भरलेल्या पेट्या दुकानोदुकानी विकल्या जाऊ लागल्या. आमच्या देशात हा छंद प्रामुख्याने अशा पेटीच्या रूपानेच आला, आणि त्यामुळे परदेशी लाकडावाचून तो होतच नाही, अशी समजूत दृढ झाली. वास्तविक त्या काळच्या कारागिरांनी बाल्सा आल्यावरही पंखांची वाकडी टोके आणि चाकांचे पाय यांकरिता बांबूच वापरला. कारण ज्योतीवर धरून वाकविला असता घेतलेला बाक न सोडणारी आणि आपटल्यावर न तुटणारी दुसरी काडी त्यांस मिळेना. बांबू बाल्सापेक्षा कितीतरी जड खरा, परंतु तो इतका चिवट की त्याची काडी तितकीच बारीक करता येते. अडचण एवढीच की ती बारीक करणारा हात पाहिजे. बाल्साने लाकूड हलके केले त्याहून अधिक शिकणाऱ्याचे श्रम हलके केले. आणि केवळ हलकेपणाच हवा असेल, तर ज्याची बाशिंगे आणि मखरे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो ते भेंड बाल्साहूनही हलके आहे.

बांबूवर हा छंद जगू शकतो, याचे उदाहरण जपानचे. तेथे निनोमिया चुहाची नावाच्या तरुणाने कावळ्यांचे तरंगणे न्याहाळून १८९१ साली रबराच्या जोरावर चालणारा नमुना उडविला. पुढे जपानी शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी बांबूच्या सळ्या मेणबत्तीवर वाकवून, धातूच्या बारीक नळ्यांनी जोडून, वर कागद ताणून विमाने केली. त्यांस इक्वेडोरकडे पाहावे लागले नाही.

आमच्याकडे या काळात काय चालले होते? १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविले, अशी कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. तळपदे हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते, आणि पारतंत्र्याच्या काळात असा ध्यास घेणाऱ्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या यंत्राचे वजन किती, पंखांचा विस्तार किती, ते किती अंतर गेले, यांची विश्वासार्ह नोंद मागे राहिलेली नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या संदर्भात वारंवार दिला जातो, त्याची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पेनोचे सोळा ग्रॅमचे विमान आज कोणासही पुन्हा बांधून पाहता येते. चौपाटीवरील विमान फक्त सांगता येते. विमानविद्येत आम्ही कमी पडलो असू, तर ते ग्रंथांच्या अभावी नव्हे. लहान वस्तू हातांनी करून, तोलून, पाडून पाहण्याची सवय आम्हांस नव्हती म्हणून.

तथापि ही सवय आमच्या समाजात कोठेच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती बुरुडाच्या घरी होती. मानवेलाची जून कांब निवडणे, पेर पाहून चिरणे, बाहेरच्या सालीत बळ असते म्हणून ती शाबूत ठेवून आतला भाग तासणे आणि बोटांनी वाकवून कामटीची परीक्षा करणे, हे सर्व ज्ञान सूप-टोपली विणणाऱ्या त्या हातांत होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात तो कच्चा मालही होता. परंतु १९२७ च्या वनकायद्याने बांबूस वृक्ष ठरविले. गवताच्या कुळातील ही वनस्पती कायद्याने झाड झाली आणि सरकारची मालमत्ता बनली. गिरणीस ती दीर्घ मुदतीच्या कराराने टनांनी मिळे. बुरुडास ती ठरलेल्या वाट्याने, परवान्याने घ्यावी लागे. गिरणीने सहस्रावधी लोकांस रोजगार दिला आणि मुलांच्या हाती वह्या दिल्या, हे आम्ही विसरत नाही. परंतु टनाच्या हिशेबात कामटीस किंमत नसते. सरळ पेराची कांब आणि किडकी कांब लगद्याच्या भट्टीत सारखीच. ज्या गावाने बांबूचे वजन सर्वांत अधिक केले, त्या गावात एका काडीचे वजन करण्याचे कारण कोणास उरले नाही. आमच्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः येथे आहे.

ही स्थिती अलीकडे पालटू लागली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावास २००९ साली आपल्या अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढणारा बांबू वृक्षांच्या यादीतून निघाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण यांकरिता केंद्र निघाले. दुसऱ्या बाजूस, राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुशाखेने लहान विमाने बांधण्याचा आणि उडविण्याचा अभ्यास देशात चालू ठेवला आहे. आणि बल्लारपूर तालुक्यातच, विसापूरजवळ, २०१९ साली सैनिक शाळा सुरू झाली. इकडे पवनचक्क्यांच्या पात्यांत बाल्सा वापरला जाऊ लागल्याने २०२० च्या सुमारास इक्वेडोरातील त्या लाकडावर जगभराची मागणी तुटून पडली. पेटीवर अवलंबून राहणाऱ्या छंदास ही सूचना पुरेशी आहे.

आमचे मागणे थोडे आहे. या भागातील शाळांनी वर्षातून एक महिना बुरुडकाम जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध कारागिरास, योग्य मानधन देऊन, गुरुजींच्या खुर्चीवर बसवावे. त्याने कामटी तासावयास शिकवावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने तोल व वजन शिकवावे. प्रत्येक मुलाने आपल्या विमानाचे वजन, ते गेलेले अंतर आणि हवेत राहिलेला काळ हे तीन आकडे वहीत मांडावेत; पडले असेल तर पडले असे लिहावे. त्या मुलांतून विमानकर्ते निघतील की नाही, हे आज कोणी सांगू नये. परंतु आपल्या अरण्यातील बांबू केवळ शिजविण्याकरिता नाही, आणि न मोजलेल्या उड्डाणाचा अभिमान धरावयाचा नसतो, एवढे तरी ती जन्मभर विसरणार नाहीत.