पुरवणीचा पुरावा

ग्रंथाला प्रस्तावना, परिशिष्टे आणि टीपा असतात. त्या वाचणारे थोडे आणि वगळणारे पुष्कळ. चित्रपट आणि दूरदर्शनमालिका घरी पाहण्यासाठी तबकड्यांवर निघू लागल्या, तेव्हा त्यांच्यामागोमागही अशीच एक पुरवणी आली. मूळ कथाभागाच्या यादीखाली आणखी काही नावे दिसतात : दिग्दर्शकाचे निवेदन, नटांच्या आठवणी, वगळलेली दृश्ये, जुनी छायाचित्रे. विकणारा ती ‘जादा’ म्हणून विकतो आणि घेणारा बहुधा ती न पाहताच तबकडी कपाटात ठेवून देतो. आमच्या मते इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळदा हा जादा भागच अधिक मोलाचा ठरतो. हे ज्या उदाहरणाने आम्हांस प्रथम पटले ते इंग्लंडातील आहे. परंतु त्याचा एक धागा लखनौपर्यंत येतो.

काळातून मागेपुढे प्रवास करणाऱ्या एका विक्षिप्त वृद्धाची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामाला बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे १९३८ साली लखनौस जन्मले. लेखिका अत्तिया हुसेन यांचे ते चिरंजीव. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांना पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट याही तिशीच्या आतल्याच. एक तरुण स्त्री आणि एक तरुण हिंदी गृहस्थ यांच्या हाती हे काम सोपविले गेले, ही त्या काळच्या त्या संस्थेत नवलाचीच गोष्ट होती.

२००६ साली या मालेच्या पहिल्या तीन कथा एकत्र करून तबकड्यांचा संच निघाला. त्याच्या पुरवणीत पहिल्या भागाचा एक वेगळा पाठ आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये चित्रित झालेला हा पाठ नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही. त्यांनी तो पुन्हा करावयास लावला आणि ऑक्टोबरमध्ये झालेला दुसरा पाठ प्रसारित झाला. नाकारलेल्या पाठातील वृद्ध अधिक कठोर आहे; स्वीकारलेल्या पाठात त्याच्या स्वभावाला थोडी मृदुता आली आहे. दोन्ही पाठ लागोपाठ पाहिले म्हणजे पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहणाऱ्या संशोधकाचा आनंद मिळतो. येथपर्यंत पुरवणी ही पुरवणीच आहे.

परंतु त्याच संचात अर्ध्या तासाची आणखी एक चीज आहे. ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ या काळात प्रसारित झाली. कुब्लाईखानाच्या दरबाराकडे निघालेल्या या प्रवाशाच्या ग्रंथात आपल्या ठाण्याचेही वर्णन आहे, हे कोकणच्या वाचकांस ठाऊक असेलच. सातांपैकी सहा भाग हुसेन यांनी दिग्दर्शित केले. आज त्या सातांपैकी एकाही भागाची चित्रफीत उपलब्ध नाही. चित्रफिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरता येत असत. म्हणून १९६७ पासून त्या पुसल्या जाऊ लागल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे १९७८ पर्यंत नष्ट होत राहिल्या. यामागे केवळ बेफिकिरी नव्हती. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांनी पुनःप्रसारणावर मर्यादा घातल्या होत्या. घरोघरी तबकडी विकली जाईल ही कल्पना तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. ज्या वस्तूचा हक्क संपला तिची जागा तरी का अडवावी, असा तो हिशेब होता. करार कायदेशीर होते आणि हिशेबही चोख होता. नाश मात्र पुरा झाला.

मग त्या अर्ध्या तासात दिसते काय? त्या वेळी घरी बसून पाहणाऱ्या काही चाहत्यांनी दूरदर्शनसंचासमोर ध्वनिक्षेपक धरून कथेचा आवाज टिपला होता. जॉन क्यूरा नावाचे एक छायाचित्रकार चालू कार्यक्रमाची चित्रे थेट पडद्यावरून काढीत आणि ती नटांना व दिग्दर्शकांना विकीत. आपल्या सहा भागांची अशी चित्रे हुसेन यांनी विकत घेऊन चाळीस वर्षे जपून ठेवली होती. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाचा, त्यामुळे त्याची चित्रे त्यांच्या संग्रहात नाहीत. तो आवाज आणि ही स्थिरचित्रे जुळवून कथेचा संक्षेप तयार करण्यात आला. मूळ गेले होते. पुरवणीच आता मूळ झाली होती.

आमच्या व्यवसायात यास दुय्यम पुरावा म्हणतात. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ६५ आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले. त्या अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तत्त्व तेच आहे. मूळ दस्तऐवज नष्ट झाला वा हरवला असेल, अथवा आपल्या कसुरीवाचून वा हयगयीवाचून अन्य कारणाने तो वेळेत हजर करता येत नसेल, तर त्यातील मजकूर दुय्यम पुराव्याने शाबीत करता येतो. मौज अशी की, येथे हयगय मूळ मालकाची होती आणि पुरावा जपला तो ज्यांचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता त्यांनी. आवाज टिपणाऱ्या त्या मुलांस कोणी परवानगी दिली नव्हती. वकील म्हणून त्यांचे समर्थन करणे कठीण जाईल. वाचक म्हणून आम्ही त्यांचे ऋणी आहो.

इंग्लंडातील या हानीस नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत लोकांपुढे आला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आहेत. आणि तीही १९१३ ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हे संग्रहालयही १९६४ साली, म्हणजे फाळके वारल्यावर वीस वर्षांनी स्थापन झाले. तोवर जे जाळावयाचे ते जळले होते आणि जे कुजावयाचे ते कुजले होते. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून उरलेल्यांतीलही पुष्कळ गेले.

आणि तरीही फाळक्यांचे हात, त्यांची काम करण्याची रीत आपण आज पाहू शकतो. त्याचे कारण एक पुरवणीच. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसा तयार करतात’ या नावाचा एक छोटा पट काढला. तालीम घेणारे आणि फितीवर स्वतः काम करणारे दादासाहेब त्यात दिसतात. तबकड्यांच्या पुरवणीत ‘निर्मितीची कथा’ म्हणून जे देतात ते नाशिकच्या या गृहस्थाने नव्वद वर्षे आधी करून ठेवले होते. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर त्यांनी लेखही लिहिले. ‘कालियामर्दन’ (१९१९) हा तर या बाबतीत अपूर्वच म्हटला पाहिजे. कथा सुरू होण्यापूर्वी त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी पडद्यावर येते आणि एकामागून एक मुद्राभाव करून दाखविते. मग तीच बाळकृष्ण होऊन डोहात उडी घेते. पाण्याखालील झुंज पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकास फाळके आधीच सांगून टाकतात की, ही आमची मुलगी आहे. भक्तीस त्याने बाध आला नाही. हा चित्रपट बराचसा वाचला, याचे श्रेय फाळके कुटुंबीयांकडून तुकडे मिळवून ते जुळविणाऱ्या पी. के. नायर यांना आहे.

कृष्णचरित्राचा विषय निघालाच आहे, तर आपल्या समाजास अधिक जवळचे एक उदाहरण देतो. शांतादुर्गा ज्या केळोशीहून कवळ्यास आली, त्याच केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचली. पुढे त्याच शतकात गोव्यात देवळे पाडली गेली, पोथ्या जाळल्या गेल्या. परंतु या रचनेची प्रत सापडली ती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात. त्याच ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची कोंकणी व मराठी हस्तलिखिते रोमन लिपीत आहेत. पाद्र्यांनी ती उतरवून घेतली ती आपला धर्म समजून घेऊन खोडून काढण्यासाठी. हेतू काहीही असो, प्रत उरली. ‘डॉक्टर हू’चे नऊ हरवलेले भाग २०१३ साली नायजेरियातील जोस या गावी सापडले, त्याचीही तऱ्हा हीच : मालकाच्या घरी नाही ते परक्याच्या फडताळात मिळाले.

भोपाळच्या सोनागिरीत आम्ही राहतो. या भागात अवजड विद्युत सामग्रीच्या कारखान्यामुळे पुष्कळ कुटुंबे दूरदूरच्या प्रांतांतून येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी आणि कोंकणी बोलणारीही आहेत. गावची जत्रा, पालखी, कीर्तन यांच्या ध्वनिफिती व चित्रफिती त्यांनी येताना आणल्या, कोणी नंतर मागविल्या. आता फीत वाजविणारे यंत्रच घरात उरले नाही आणि फिती रद्दीबरोबर जातात. देवस्थानांच्या मानपानाचे वाद चालविताना आम्ही पाहिले आहे की, कोणत्या घराण्याने कोणत्या सालापर्यंत कोणती सेवा केली, हे ठराववहीत नसते; ते एखाद्या उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत किंवा छायाचित्राच्या पाठीवर लिहिलेले असते. एका फितीच्या खोक्यावर एका बाईंनी शाईने साल, तिथी, पखवाजावर कोण होते आणि मध्येच दिवे गेल्यामुळे आरती अर्धी राहिली, इतके सगळे लिहून ठेवले होते. फितीतील चित्र आता पुसट झाले आहे. शाईचा मजकूर मात्र अजून स्वच्छ वाचता येतो.