आपल्या माणसांची इमारत

मी कोल्हापूरचा. नोकरीमुळे तीन वर्षं दादरच्या हिंदू कॉलनीत, स्वातंत्र्याआधी बांधलेल्या सोसायटीच्या एका इमारतीत भाड्याने राहतोय. उंच छत, रुंद गॅलरी, खिडकीपर्यंत आलेली झाडं. घर शोधताना मात्र दोन ठिकाणी भाड्याच्या आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग ‘नॉनव्हेज खाता का?’ तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न! तेव्हापासून सोसायटी हा प्रकार आला कुठून, हे वाचायचा नाद लागला.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या हटवायच्या, रस्ते काढायचे, नवे भूखंड आखून भाडेपट्ट्याने द्यायचे, हे त्याचं काम. दादर-माटुंगा आणि गावदेवी या त्याच्याच योजना. पण पगारदार कारकुनाला एकट्याने भूखंड घेऊन घर बांधणं कुठलं परवडायला? १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मोकळी केली. १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँक काढणाऱ्या श्रीपाद सुब्राव तालमकींनी १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी केली. इमारत संस्थेची, सभासद तिचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी असंच सहकारी घर बांधलं.

दोन्हीकडे ‘आपलीच माणसं’ होती, आणि मला यात नवल वाटत नाही. तारण ठेवायला काही नसलं की ओळख हेच तारण होतं. हप्ता थकला तर कुणाच्या काकांना गाठायचं, हे सगळ्यांना माहीत असतं.

कोल्हापूरकराला हे चटकन कळावं. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्वांसाठी वसतिगृह काढलं, तर ते बहुतेक ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरलं. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी बोर्डिंगं आली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार दारं होती, पण ज्याला कुठंच दार नव्हतं त्याच्यासाठी.

गृहनिर्माण संस्थांचं पुढे उलटं झालं. जागेचे भाव चढले आणि शिडीचं कुंपण झालं. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपनियम वैध ठरवला. संस्था बांधणाऱ्यांना आपले नियम ठरवायचा हक्क आहे, असा त्यामागचा विचार. छोट्या समाजाची भीती मला समजते, तरी निकाल पटत नाही. शहरातली मोक्याची जमीन अशी वाटून घेतली, तर उरलेल्यांनी राहायचं कुठे?

आमच्या इमारतीत सध्या पुनर्विकासाची चर्चा आहे. जादा मजले विकून खर्च काढायचा बेत आहे. विक्रीचे फ्लॅट कुणाला द्यायचे, यावर जिन्यात रोज वाद होतात. पुढच्या महिन्यात सभा आहे. भाडेकरूंना मत नाही.