आम्लतेचे माप

जयपूरच्या जंतरमंतरात पाऊल टाकले की सम्राटयंत्राचा सुमारे 27 मीटर उंचीचा जिना प्रथम नजरेत भरतो. सवाई जयसिंहांचा पितळी यंत्रांवर विश्वास उरला नव्हता. लहान यंत्रावर बारीक खुणा करता येत नसत, आणि आस झिजला की माप सरकत असे. म्हणून अठराव्या शतकात त्यांनी चुन्या-दगडाची यंत्रे उभारली. यंत्राविषयीचा हाच संशय पुढे रक्त तपासणाऱ्यांनाही बाळगावा लागला.

1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (ही प्रयोगशाळा बीअरच्या कारखान्याची, हे गमतीने सांगायला हवे) सोरेन्सेन यांनी आम्लता मोजण्याची पीएच ही श्रेणी मांडली. तीत एक अंक खाली उतरला की आम्लता दसपट होते. थोडे आम्ल वा अल्क मिसळले तरी ज्यांचे पीएच फारसे ढळत नाही, असे बफर विद्रावही त्यांनी काटेकोर मोजून ठेवले. आपले रक्त असाच एक विद्राव आहे. निरोगी माणसाच्या धमनीत त्याचे पीएच 7.35 ते 7.45 एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहते.

त्याच शहरात 1952 साली पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण तीन दिवसांत दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे; त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले, असा डॉक्टरांचा समज झाला. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना मात्र हे पटेना. श्वास अपुरा पडल्याने कार्बन डाय-ऑक्साइड आत साठतो आणि रक्त आम्लच होते, असे ते म्हणत. ऑगस्टमध्ये त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास दिला, आणि ती वाचली. मग सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबू लागले. पोल आस्ट्रुप यांनी पीएच-मापकाने रक्त प्रत्यक्ष मोजले, तेव्हा ते आम्लच निघाले.

आता जयसिंहांच्या संशयाकडे परत येऊ. पीएच-मापकाला स्वतःचे असे ज्ञान नसते. ज्ञात पीएचच्या बफरमध्ये त्याचा विद्युत्-अग्र बुडवून त्याला आधी जुळवावे लागते, आणि बफरचे पीएच तापमानाबरोबर बदलते. फॉस्फेटचे थोडेच बदलते. पण जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत नित्य लागणारा ट्रिस नावाचा बफर 25 अंशांवर 7.4 ला जुळवला, तर शरीराच्या 37 अंशांवर तो सुमारे 7.1 भरतो. रक्तात एवढी घसरण झाली तर डॉक्टर धावत येतील. ज्या जयपुरात मे महिन्यात पारा 40 च्या पुढे चढतो आणि जानेवारीच्या पहाटे 10 च्या खाली उतरतो, तिथल्या प्रयोगशाळेत बाटलीवरच्या आकड्याआधी तापमापक पाहावा लागतो.