कमी प्रवाहाचा शॉवर

अरुंद छिद्रांतून पाणी सोडून किंवा धारेत हवा मिसळून कमी पाण्यात अंघोळ शक्य करणारे शॉवरचे तोंड. अमेरिकेत १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने नव्या शॉवरवर मिनिटाला २.५ गॅलन (सुमारे ९.५ लिटर) अशी कमाल मर्यादा आली, तर पाणीबचतीच्या ‘वॉटरसेन्स’ चिन्हासाठी ती २ गॅलन (७.६ लिटर) आहे. मोठी बचत गरम पाण्याची. या दोन मर्यादांमधल्या फरकामुळे आठ मिनिटांच्या अंघोळीत सुमारे १५ लिटर पाणी वाचते. ते २५ अंशांनी तापवायला लागणारी जवळपास ०.४४ युनिट वीजही वाचते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला मुळातच दाब कमी, त्यामुळे आपल्याकडे वरच्या मजल्यांवर लाभ घटतो. प्रवाह फारच मंदावला तर गॅसचा गीझर पेटतही नाही, म्हणून खरेदीपूर्वी गीझरला लागणारा किमान प्रवाह पाहावा. बादलीभर पाण्याची अंघोळ याहून काटकसरीची.