पावणेआठचं आभाळ

तुमच्या पायाखाली चुलबंद नदीची रेती आहे, अजून कोमट. तारीख २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. सकाळपासून गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या आसपासच्या पांदणी, नाले आणि झुडपी जंगल तुडवून पोटऱ्या भरून आल्यात. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे पायी शिरता येत नाही, आणि ते बरंच आहे. पण हद्द कुठे संपते हे वाघाला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून बाहेरच्या वाटेनेही तुम्ही कान टवकारूनच चालता.

सोबतच्या बाबाजींनी दिवसभर एकेका गोष्टीचं नाव सांगितलंय. वाळक्या पानांतली खसखस रानकोंबडीची. उकरलेलं वारूळ अस्वलाचं. दूर कुत्र्यासारखं भुंकलं ते भेकर. मोहाखालचा फुलांचा सडा पाहून तुम्ही वाकलात, तर म्हणाले, "थांबा जी. मोहफुलं पयले अस्वलाची, मंग आपली." या माणसाला ओळखू येणार नाही असं रानात काही नाहीच, असं तुम्हाला वाटू लागलंय. खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झालाय.

पाडव्याची चंद्रकोर मावळलीय. मृग पश्चिमेला कललाय, त्याच्या डावीकडे व्याध. पावणेआठच्या सुमारास वायव्येच्या अंगाने दिव्यांची एक माळ येते. पुढे ठसठशीत तेज, मागे नारिंगी ठिणग्यांचा फुफाटा, आणि आवाज अजिबात नाही. उल्का असती तर "ती बघा" म्हणेपर्यंत विझली असती. ही सावकाश, जवळजवळ आडवी चाललीय, चालता चालता तुटतेय. तुम्ही बाबाजींकडे वळता. तोंड उघडं ठेवून तेही वरच पाहतायत.

"इमान जळून राह्यलं का जी?"

दिवसात पहिल्यांदाच त्यांनी तुम्हाला विचारलं. लहानपणी वाचलेल्या गोष्टींतला शब्द तुमच्या जिभेवर येतो, उडती तबकडी. येऊ द्या, लाजू नका. हा शब्दही असाच घाईत जन्मलाय. २४ जून १९४७ला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्णन चालीचं होतं. वर्तमानपत्रांनी बशीच उचलली.

तो उजेड दक्षिणेकडे विझण्याआधी तुम्ही घड्याळ मागे फिरवा.

हीच जागा, जुलै १९७९. रेती दिसत नाही, गढूळ पाणी दोन्ही काठांना लागलंय. बांध्यांमध्ये रोवणीची माणसं गुडघाभर चिखलात वाकलेली. जिल्हा भंडारा आहे, गोंदिया वेगळा व्हायला अजून वीस वर्षं आहेत, आणि सौंदडच्या रेल्वेचे रूळ अरुंद आहेत. शब्द एकच, रेडिओपासून पानठेल्यापर्यंत: स्कायलॅब. ७७ टनांची अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा खाली येतेय, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. देशभर खेड्यापाड्यांत धास्ती आहे. इथे नाव आधी आलंय आणि वस्तू दिसलेलीच नाही. मला विचाराल तर ही भीती जास्त वाईट. शेवटी तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावच्या कारभाऱ्यांनी कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला!

आणखी मागे. मे १९१०, पहाट. चारं, म्हणजे चारोळीची फळं, वेचायला निघालेल्या बायांसोबत तुम्ही उभे आहात. पूर्वेला हॅलेचा धूमकेतू शेपटी पसरून बसलाय. इथे कुणी "हे काय?" असं विचारतच नाही. शेपटीचा तारा, म्हणजे राजावर संकट. तुम्ही हसू नका, कारण ६ मे रोजी लंडनमध्ये राजा सातवा एडवर्ड खरोखरच वारलाय. असल्या योगायोगापुढे तुमचं विज्ञान काय बोलणार?

परत या. रेती, पावणेआठ, बाबाजींचं उघडं तोंड. उजेड दिसेनासा झालाय, आणि मिनिटभर तुम्ही दोघं सारखेच अडाणी आहात. पाठीवर पिशवी टाकून मी रानोमाळ हिंडतो तो या मिनिटासाठी. परग्रहावरून कुणी यावं अशी माझी फार इच्छा आहे, असंही नाही. (थोडी आहे.)

मग बाबाजी भानावर येतात. "चाला जी. अस्वल फुलं वेचाले येते."

पुढचं तुम्हाला गावात मोबाइलवरच कळतं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलंय. मागोमाग आसपास धातूचे पोकळ गोळेही सापडतात. आधी काही अभ्यासकांना हा न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या रॉकेटचा भाग वाटला. मग अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशोब लावला: फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी'चा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत, हवेला घासत घासत खाली आलेला. तो येतोय हे लाडबोरीला कुणी कळवलं नव्हतं. कुणाला लागलं नाही हे नशीब. दंडाची पावती मात्र इथून कुणाच्या नावे फाटली नाही.

सिंदेवाही सौंदडच्याच रेल्वेमार्गावर आहे, गोंदिया-बल्लारशा. ते कडं तिथल्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं.