टिकली आणि जर्सी सिटी

घर घेताना आपण आधी शाळा बघतो आणि मग विचारतो, 'एरिया सेफ आहे ना?' आज जर्सी सिटीत न्यूअर्क अव्हेन्यूवर डोशाच्या रांगेत उभं असताना हा प्रश्न मनात येत नाही. 1987 मध्ये मात्र तिथल्या भारतीयांना तो दाराबाहेर पाऊल टाकताना पडत होता.

त्या उन्हाळ्यात 'जर्सी जर्नल' या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हटलं होतं. डॉट म्हणजे आपली टिकली. भारतीयांना शहरातून घालवू, फोनबुकात पटेल आडनाव शोधून घरं गाठतो, अशी उघड धमकी त्यात होती. बायका टिकली काढून, साडी टाळून बाहेर पडू लागल्या. मोकळ्या कपाळानं घराबाहेर पडणं त्यांना कसं वाटलं असेल, हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. अशी भीती गुन्ह्यांच्या आकडेवारीत कुठे दिसणार?

सप्टेंबरात हाइट्स भागात एका भारतीय डॉक्टरला बेशुद्ध होईपर्यंत मारलं. शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला टोळक्यानं इतकं झोडपलं की काही दिवसांतच तो गेला. तो पारशी होता. 1989 मध्ये आरोपी मारहाणीबद्दल दोषी ठरले, हत्येबद्दल नाही.

विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले. 1990 मध्ये न्यू जर्सीनं वंश-धर्माच्या द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षेचा कायदा केला. आणि न्यूअर्क अव्हेन्यूवरची आपली दुकानं हलली नाहीत. त्या भागाला आता इंडिया स्क्वेअर म्हणतात.